रांजणाला कशाची भीती वाटते

आमच्या विभागात मोठी भट्टी एकच आहे आणि ती कुणाच्या बापाची नाही, हे मी त्या सत्रात इतक्या वेळा ओरडून सांगितलं की शेवटी शेवटी मी तोंड उघडायच्या आधीच पोरं ते माझ्या आवाजात म्हणून दाखवायची. विद्यापीठात मला सगळे तोफ म्हणतात. हे नाव कोणी ठेवलं ते कळलं असतं तर त्याची खैर नव्हती. पण नाव चुकीचं आहे, असं काही मला म्हणवत नाही.

मातीकामाचं शेवटचं वर्ष होतं. परीक्षेला प्रत्येकाने एक मोठं काम मांडायचं. माझं काम म्हणजे रांजण. माझ्या कंबरेएवढा उंच, पोट मोठं, गळा आखूड, तळ चांगला जाड. मातीच्या वळ्यांवर वळ्या चढवत, ओल्या कापडात गुंडाळून ठेवत, सबंध सत्र मी त्याच्या मागे घालवलं. तो छोट्या भट्टीत मावत नव्हता, त्यामुळे आधी एकदा हलकं भाजून घ्यायची सोय नव्हती. कच्च्यावरच झिलई, म्हणजे आगीत काच होणारा लेप, चढवायची आणि थेट मोठ्या आगीत. मोठी भट्टी वीज फार खाते, म्हणून परीक्षेआधी ती एकदाच लावायची परवानगी होती. रांजण तडकला तर वर्ष गेलं, एवढा साधा हिशेब होता.

त्याच भट्टीत रसायनच्या थाळ्या जाणार होत्या, त्याही छोट्या भट्टीत न मावण्याइतक्या रुंद.

रसायन म्हणजे आमच्याच वर्गातला मुलगा. आधी रसायनशास्त्र शिकत होता, मग एक दिवस चाकावर हात ठेवला आणि तिकडे परत गेलाच नाही. त्याने एक झिलई तयार केली होती. ती निवताना तिच्यात स्फटिक वाढतात आणि थाळीभर फुलं उमलल्यासारखी दिसतात. नीट जमलं तर. नाही जमलं तर थाळी नुसती मळकट पांढरी निघते, कपबशीच्या दुकानातही कुणी ठेवणार नाही अशी. त्याच्याही वर्षाचा निकाल या थाळ्यांवरच होता.

आता भांडण काय, तर मी म्हणत होते भट्टी सावकाश चालवायची आणि तो म्हणत होता झटपट. बस्स, एवढंच. पण एवढ्यावरून आम्ही असे पेटलो की विजेची गरजच पडली नसती. मी म्हटलं की सावकाश, तर तो मान हलवून शांतपणे म्हणायचा, "सावकाश केलंस तर माझं काम मातीत." तो आवाज चढवत नाही. भांडताना समोरचा आवाज चढवत नसला की मला जास्तच चेव येतो, आपण एकट्याच वेड्यासारख्या ओरडतोय असं वाटतं, आणि म्हणून मी आणखी ओरडते.

बघता बघता वर्गाचे दोन भाग झाले. सावकाशवाले खिडकीच्या बाजूला बसायला लागले, झटपटवाले नळाच्या बाजूला. माती चाळायची बारीक चाळणी विभागात एकच, ती झटपटवाल्यांनी दाबून ठेवली. मग आमच्यातल्या कुणीतरी त्यांचे स्पंज लपवले. कुणी ते मी सांगणार नाही, पण ते माझ्याच पिशवीत होते. ज्यांची कामं छोट्या भट्टीत जाणार होती, ज्यांचा या वादाशी काडीचा संबंध नव्हता, तेही तावातावाने बाजू घेऊन बोलत होते.

घरी सांगितलं तर आईने शिलाई मशीन थांबवलं. "तू आवाज खाली आणू नकोस," ती म्हणाली. "एकदा खाली आणलास की लोक डोक्यावर बसतात." बाबा घड्याळ उघडून बसले होते, त्यांनी भिंग डोळ्याला आणखी जवळ लावलं. आमच्या घरात भांडणाच्या दोनच तऱ्हा आहेत. आई बोलते आणि बाबा ऐकू येत नसल्यासारखं करतात. मग दोघांचा अबोला सुरू होतो आणि मधल्या मध्ये माझी टपाल कचेरी होते. आईला सांग चहा नको. बाबांना म्हणावं केलेला नाहीच. मी याच शाळेत भांडण शिकले, त्यामुळे तिसरी तऱ्हा असते हे मला कुठून माहीत असणार?

भट्टी लावायचा दिवस जवळ आला तेव्हा आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम भट्टीच्या खोलीत आल्या. मॅडमना त्या दिवशी सर्दी झाली होती आणि एरवीही त्यांना लांबण आवडत नाही. मी सुरुवात केली, "मॅडम, तुम्हीच सांगा याला." तिकडून नळवाल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "मॅडम, आधी हिला गप्प करा."

मॅडमनी नाक पुसलं. "मला पंचायत करायचा पगार मिळत नाही," त्या म्हणाल्या. "मी सावकाश म्हटलं तर हा वर्षभर मला शिव्या देणार, झटपट म्हटलं तर ही. दोन्ही नकोत. या भट्टीचा नियम माहीत आहे ना?"

नियम सगळ्यांना माहीत होता. मोठ्या भट्टीत आपलं भांडं आपण आत लावायचं नाही, दुसऱ्याने लावायचं. हा नियम मॅडमच्याही आधीपासूनचा आहे. आपलं भांडं लावताना माणूस सगळ्यात चांगली जागा बळकावतो आणि शेजारच्याला कोपऱ्यात ढकलतो, म्हणून कधीतरी कुणीतरी तो केला असणार. एरवी आम्ही मैत्रिणी मैत्रिणी एकमेकींची भांडी लावायचो आणि नियम पाळल्यासारखं व्हायचं.

"या वेळी हिचा रांजण तो लावेल," मॅडम म्हणाल्या. "आणि त्याच्या थाळ्या ही."

हे ऐकून माझा चेहरा उतरला. त्याचाही चेहरा उतरला, हे बघून मात्र थोडं बरं वाटलं.

"आणि लावायच्या आधी," मॅडम पुढे म्हणाल्या, "हिने मला सांगायचं की त्याच्या थाळ्यांना आगीत कशाची भीती आहे. त्याने सांगायचं, रांजणाला कशाची. सावकाश, झटपट, मला हवं, मला नको, यातला एकही शब्द माझ्यासमोर नको. भीती सांगायची. आणि ज्याचं भांडं आहे त्याने म्हणायला हवं की हो, हेच. तोवर भट्टीचं बटण मी दाबू देणार नाही."

"हे काय मॅडम, हे तर आत्ता सांगते," मी म्हटलं. "त्याला भीती आहे की..."

"त्याला नव्हे. थाळीला."

मी थांबले. थाळीला कशाची भीती असते ते मला सांगता येईना. पंधरवडाभर मी त्या माणसाशी भांडत होते आणि त्याच्या थाळीला काय होतं ते मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं.

रसायनचीही तीच गत झाली. तो म्हणाला, "रांजण मोठा आहे, म्हणून हिला वाटतं की..." मॅडमनी भुवई वर केली. तो ओशाळला. मॅडम शिंकल्या आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या ओट्यापाशी आला. मी मान वर केली नाही. तो म्हणाला, "दाखव."

"काय दाखवू? डोळे आहेत ना?"

"डोळ्यांनी कळलं असतं तर आलो नसतो."

म्हटलं ठीक आहे. मी रांजणावरचं कापड काढलं. त्याने वरून बघितलं, बाजूने बघितलं, बोटाने टकटक केलं. म्हणाला, "वाळलाय की हा."

"गाल लाव," मी म्हटलं.

"काय?"

"आत वाक आणि तळाला गाल लाव. हाताला फसवते माती, गालाला नाही फसवत."

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला, मी टिंगल करतेय की काय म्हणून. मग कंबरेतून वाकून त्याने डोकं रांजणात घातलं. नळाच्या बाजूचे सगळे हातातली कामं टाकून बघत होते. बाहेर आला तेव्हा त्याच्या गालावर राखाडी गोल उमटला होता.

"गार आहे," तो म्हणाला.

"गार म्हणजे ओल आहे. भिंती वाळल्यात, पण तळाच्या पोटात अजून पाणी आहे. कितीही दिवस ठेवला तरी थोडं राहणारच, इतका जाड आहे. भट्टी चढायला लागली की त्या पाण्याची वाफ होणार. वाफेला बाहेर पडायला वेळ मिळाला तर ठीक. नाही मिळाला तर ती तळ फोडून बाहेर येणार. आणि रांजण फुटला की तुकडे कुठे जातील? तुझ्या थाळ्यांवर."

हे शेवटचं मी मुद्दाम खडूसपणे म्हटलं होतं. पण त्याने ते खडूसपणे घेतलं नाही. त्याने पुन्हा आत हात घालून तळ चाचपला. "आणि उतरताना?" त्याने विचारलं.

हा प्रश्न मला कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. "उतरताना अगदी शेवटी," मी म्हटलं. "लाली जाऊन भट्टी काळी पडते ना, तिथून पुढे. तेव्हा दार उघडून गार वारा लागला की जाड भांडं तडकतं. बाहेरून निवतं, आतून तापलेलं राहतं आणि मधे चीर जाते."

"म्हणजे भीती दोन," तो म्हणाला. "सुरुवातीला वाफ. शेवटी वारा."

"हो," मी म्हटलं, आणि मग लक्षात आलं की मॅडमना हवा होता तो हो मी म्हणून बसले होते.

आता माझी पाळी होती. त्याने कपाटातून त्याचे नमुने आणले, तळहाताएवढे मातीचे चौकोन, प्रत्येकावर तीच झिलई. एकावर झिलई वाहून खाली थिजली होती आणि चौकोन भट्टीच्या फळीच्या तुकड्यासकट उचकटून काढलेला होता. दुसरा नुसताच पांढरट होता. तिसऱ्यावर मात्र फूल होतं. निळसर, पाकळीवर पाकळी, कुणी काढलेलं नव्हे तर आपोआप उगवलेलं. ते मी त्याआधी नीट पाहिलंच नव्हतं. भांडत असले तरी मला डोळे आहेत, आणि मी त्याला सरळ सांगितलं की हे सुंदर आहे. त्याचे कान लाल झाले.

"हा वाहून का गेला?" मी पहिला चौकोन उचलला.

"एकदम वर, सगळ्यात तापलेल्या ठिकाणी भट्टी रेंगाळली. झिलई पाण्यासारखी पातळ होते तिथे. म्हणून शिखर गाठलं की लगेच खाली यायचं, दणकन."

"आणि हा कोरा?"

"हा दणकन खाली आला, पण पुढे थांबलाच नाही. थोडं खाली आल्यावर तिथे काही तास तसंच धरून ठेवावं लागतं. स्फटिक तेव्हा वाढतात."

मी दोन्ही चौकोन हातात घेऊन उभी राहिले. कुठेतरी काहीतरी जुळत नव्हतं, म्हणजे खरं तर फारच जुळत होतं. "आणि चढताना?" मी विचारलं. "अगदी सुरुवातीला, भट्टी नुसती कोमट असते तेव्हा?"

"तेव्हा काय? तेव्हा झिलई म्हणजे नुसती पूड. तिला काय फरक पडतो? दिवसभर लाव."

"आणि शेवटी, काळी पडल्यावर?"

"तोवर फुलं होऊन गेलेली असतात." तो बोलता बोलता थांबला.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मला सावकाशपणा हवा होता तो पायथ्याशी आणि त्याला झटपट हवं होतं ते शिखरावर. मधला सगळा डोंगर दोघांना सारखाच होता. पंधरवडाभर आम्ही एकमेकांना आख्खी भट्टी नाकारत होतो, आणि चाळणी व स्पंज यांच्यावरून विभागात फाळणी करून ठेवली होती.

मी हसायला लागले. मी हसते तेव्हाही तोफच असते, त्यामुळे खिडकीवाले आणि नळवाले दोघेही धावत आले. भट्टीच्या खोलीतली एक भिंत काळी रंगवलेली आहे, तिच्यावर खडूने आगीची रेघ काढायची पद्धत आहे. रसायनने खडू घेतला. रेघ खालून सावकाश सरकत निघाली, मग चढली, टोकाला जाऊन झपकन उतरली, थोडा वेळ सपाट चालली आणि मग लांबच लांब शेपूट ओढत जमिनीला आली. शेपूट मी काढलं. सगळे उभे राहून बघत होते. मग एक नळवाला म्हणाला, "हे एवढंच होतं?" आणि त्याने चाळणी आणून ओट्यावर ठेवली.

सगळं मिटलं असं मात्र नव्हे. रांजण मधे उभा राहणार म्हटल्यावर भट्टीत एक फळी कमी बसत होती. त्याला दोन थाळ्या भट्टीबाहेर ठेवाव्या लागल्या. कुठल्या, ते ठरवताना त्याने ओट्याभोवती किती फेऱ्या मारल्या ते मी पाहिलं. मग मी रांजणाचं झाकण बाहेर ठेवलं. त्याने सांगितलं नव्हतं. झाकण काढल्यावर वर त्यातल्या त्यात छोट्या एका थाळीची जागा झाली. यावरही आमचं वाजलं, कारण तो म्हणाला की झाकणाशिवाय रांजण अपुरा दिसेल, आणि मी म्हटलं की रांजण माझा आहे, तो कसा दिसेल ते मी बघीन. पण हे भांडण वेगळं होतं. मी त्याच्या थाळीसाठी भांडत होते आणि तो माझ्या झाकणासाठी.

भट्टी आम्ही लावली. रांजण त्याने आणि वर्गातल्या लंबूने उचलला, आणि मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, कारण बघवत नव्हतं. त्याच्या थाळ्या मी ठेवल्या, प्रत्येकीखाली मातीची बशी, झिलई ओघळली तर तिच्यात पडावी म्हणून. माझे हात स्वतःच्या कामाला कधी इतके हलके झाले नव्हते. मॅडमनी दोघांच्या तोंडून भीती ऐकून घेतली, दोघांचा हो ऐकला आणि बटण दाबलं.

भट्टी रेघेप्रमाणे चढली. शिखराला पोचली तेव्हा झटकन उतरवायची म्हणून बघायच्या भोकांची बुचं काढायची होती, आणि ती काढायचं काम माझ्याकडे आलं. पहिलं बूच निघताच आत माझा रांजण पांढराशुभ्र तापलेला दिसला. दुसरं बूच ओढताना मला माहीत होतं की इथे त्याला काही होत नाही, मीच ते सांगितलं होतं. तरी मी डोळे मिटूनच ते ओढलं. रसायन तापमान दाखवणाऱ्या काट्याकडे बघत उभा होता. "पुरे," तो म्हणाला, "लाव परत." ठरलं होतं तिथे भट्टी धरून ठेवली, मग बंद केली आणि दार न उघडता घरी गेलो.

परीक्षेच्या सकाळी काटा हवा होता तेवढा खाली आलेला नव्हता.

पाहुणे परीक्षक वेळेवर आले. कडक इस्त्रीचा सदरा, हातात मार्कांचा तक्ता. भट्टी बंद बघून त्यांनी कपाळाला आठी घातली. "उघडा," ते म्हणाले.

"अजून गरम आहे सर," मी म्हटलं.

"हातमोजे असतील ना. मी दुपारपर्यंतच आहे. जे समोर नाही त्याला मी मार्क देत नाही."

आणि मला ती उबळ आली, नेहमीची, छातीतून वर येणारी. सत्रभराचं काम, गार पडत आलेलं काळं दार आणि हा माणूस म्हणतो उघडा. मी श्वास आत घेतला. खिडकीवाल्यांनी आणि नळवाल्यांनी एकदमच खांदे आकसले, त्यांना पुढचं ठाऊक होतं.

तेवढ्यात रसायन भट्टीच्या दारासमोर जाऊन उभा राहिला. "सर, आत एक रांजण आहे," तो त्याच्या त्या शांत आवाजात म्हणाला, ज्याचा मला इतके दिवस राग यायचा. "भिंती निवल्यात, पण तळ जाड आहे, तो अजून तापलेला आहे. आत्ता वारा लागला तर मधे चीर जाईल. सुरुवातीची वाफ त्याने सोसली असणार, नाहीतर आवाज आला असता. आता फक्त वाऱ्याची भीती राहिलीय."

माझा आत घेतलेला श्वास तसाच राहिला. माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं त्याने.

"रांजण तुझा आहे?" परीक्षकांनी विचारलं.

"नाही सर, हिचा. माझ्या थाळ्या आहेत."

"थाळ्यांना काय अडचण आहे?"

"थाळ्यांना काहीच नाही."

"मग तू अडून का बसलास? दार उघड. तुझं काम बघतो, तुझे मार्क देतो. तिचं ती बघेल."

त्याच्या हातात होतं. त्याने नुसतं बाजूला व्हायचं होतं, आणि नियमाने, वेळेने, सगळ्याने तो बरोबर ठरला असता. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, कारण तो बाजूला झाला असता तरी मला त्याला दोष देता आला नसता.

"सर, भट्टी एकच आहे," रसायन म्हणाला. "ती उघडली तर दोघांची उघडते."

आता माझा श्वास सुटला, पण त्याबरोबर तोफ सुटली नाही. या माणसाने माझ्यासाठी दार अडवलं होतं आणि मी ओरडून ते वाया घालवणार नव्हते. मी परीक्षकांपुढे गेले. "सर," मी म्हटलं, "तुम्हाला कशाची काळजी आहे? वेळेची, की न बघता मार्क द्यावे लागतील याची?"

त्यांनी माझ्याकडे जरा चमकून बघितलं. मग तक्ता खाली घेतला. "न बघता मार्क देण्याची," ते म्हणाले. "एका ठिकाणी मी तोंडी आश्वासनावर मार्क दिले होते. भट्टी उघडली तेव्हा आत काहीच नव्हतं. तेव्हापासून नाही."

"मग न बघता देऊ नका," मी म्हटलं. "दुपारपर्यंत आहात ना? आमच्या वर्गातल्या बाकीच्यांची कामं छोट्या भट्टीतून निघालीयत, ती आधी बघा. सगळ्यांची तोंडी परीक्षा इथेच घ्या, काट्यासमोर. काटा उतरला की उघडू. तुम्ही निघायच्या आत नाही उतरला तर आम्हाला शून्य द्या."

"दोघांना?"

"दोघांना," रसायन म्हणाला.

परीक्षकांनी काट्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या. "टेबल आणा," ते म्हणाले.

त्यानंतर जी धावपळ झाली ती मी जन्मात विसरणार नाही. खिडकीचे आणि नळाचे सगळे मिळून टेबलं उचलून भट्टीच्या खोलीत आणत होते. कपबश्या, सुरया, मुखवटे ओळीने मांडले गेले. लंबूने परीक्षकांना बसायला सगळ्यात कमी डुगडुगणारी खुर्ची शोधून दिली. एकाची तोंडी परीक्षा चाललेली, बाकीचे काट्यावर डोळे ठेवून. माझी पाळी आली तेव्हा परीक्षकांनी रांजणाबद्दल विचारलं, मग मधेच म्हणाले, "त्याच्या थाळीवर फुलं कशी येतात, सांग." मी सांगितलं. वर न रेंगाळणं, खाली येऊन थांबणं, सगळं. रसायनकडून त्यांनी रांजणाचं ऐकून घेतलं. "गालाला ओल कळते?" त्यांनी विचारलं. "हो सर," तो म्हणाला, "हाताला नाही कळत." आणि स्वतःच्या गालावरून हात फिरवला.

सगळी कामं बघून झाली तेव्हाही काटा थोडा वर होता. परीक्षकांनी घड्याळ बघितलं. त्यांनी घड्याळाचा हात टेबलाखाली घेतला आणि एका सुरईचा कान पुन्हा तपासायला लागले, जो त्यांनी आधी दोनदा तपासला होता. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. शेवटी लंबू, जो उंच असल्याने काटा सगळ्यात नीट बघत होता, म्हणाला, "आला."

रसायनने दाराची कडी सरकवली. दार थोडंसं उघडून तो थांबला, कान लावून. तडकलेलं भांडं उघडल्यावर टणटणतं, बारीक, काच तुटल्यासारखं. आतून काही आवाज आला नाही. मग त्याने दार पूर्ण उघडलं.

आधी दिसल्या त्या थाळ्या. माझ्या हातांनी ठेवलेल्या, आणि त्यांच्यावर निळी, सोनेरी फुलं, काठापासून काठापर्यंत, एकावर एक सांडलेली. मागून कुणीतरी "अरे बापरे" म्हणालं आणि मग सगळेच ओरडायला लागले, खिडकीवाले, नळवाले, कोण कुठला ते ओळखू येत नव्हतं. मी एकेक थाळी काढून टेबलावर ठेवत गेले. परीक्षक उभे राहिले. मॅडम पलीकडच्या वर्गातून रुमाल नाकाला लावून आल्या आणि दारातच थांबल्या. मी मागे वळून म्हणाले, "रसायन, बघ. बघ तरी."

तो आलाच नाही. मी भट्टीकडे बघितलं. त्याने रांजण पुढे ओढून घेतला होता. बाहेरून सगळा चाचपून झाला होता आणि आता तो कंबरेतून वाकून, हातात विजेरी घेऊन, डोकं आत घालून तळ बघत होता. त्याच्या थाळ्यांभोवती सबंध विभाग गोळा झाला होता, आणि त्याने स्वतः त्यातली एकही अजून पाहिली नव्हती.

"नाही," रांजणातून त्याचा आवाज घुमत आला. "कुठेही चीर नाही."